तारेचं झाड खरं वाटावं म्हणून

प्रश्न : रूथ असावा या अमेरिकी शिल्पकार बाईंची तारेची शिल्पं पाहिल्यापासून मीही बाइंडिंग वायरची (बांधकामात सळ्या बांधायच्या मऊ लोखंडी तारेची) झाडं करते आहे. पण ती शोभेच्या वस्तूंच्या दुकानातल्या झाडांसारखीच दिसतात, खरी वाटत नाहीत. तार कोणती घ्यावी, सुरुवात कुठून करावी? चित्रकला येत नसेल तर जमेल का? मी रत्नागिरीला राहते, इथे सगळं लवकर गंजतं. घर सांभाळून संध्याकाळी थोडा वेळ मिळतो.

ताई, तुम्ही असावांचं नाव घेतलंत ते बरं झालं. तुम्हाला जे अडलं आहे, नेमकं तेच त्यांनाही 1962 साली अडलं होतं आणि त्यातून त्यांच्या कामाला वेगळं वळण मिळालं. म्हणून आधी त्यांच्याबद्दल थोडं सांगतो.

त्यांचा जन्म 1926 सालचा, कॅलिफोर्नियातल्या नॉरवॉकचा. आईवडील जपानहून आलेले, भाजीपाला पिकवणारे. शेत सपाट करायला घोडा ओढत असलेल्या फळीवर मागे बसून, पाय खाली सोडून त्या मातीत वळणदार रेघा काढत जायच्या. पुढे त्यांच्या शिल्पांमध्ये जे फुगत आणि निमुळते होत जाणारे आकार दिसतात, त्यांचा उगम त्या स्वतः या रेघांमध्ये सांगत. 1942 साली, अमेरिकेचं जपानशी युद्ध चालू असताना, जपानी वंशाच्या हजारो कुटुंबांबरोबर त्यांनाही छावणीत डांबलं गेलं. आधी एका घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर, मग आर्कान्सामधल्या रोवर इथे. शिक्षिका व्हायचं होतं, पण वंशामुळे शिकवण्याचा अनुभव घ्यायला शाळाच मिळेना. मग 1946 साली त्या कलेवर भर देणाऱ्या ब्लॅक माउंटन कॉलेजात गेल्या. तिथे जोसेफ अल्बर्स हे शिक्षक भेटले. 1947 साली मेक्सिकोतल्या तोलुका गावी अंड्यांच्या टोपल्या तारेनं विणणाऱ्या कारागिरांकडून त्या एक साधा टाका शिकल्या. फासात फास अडकवत जायचं, एवढाच तो टाका. एकात एक बसलेले, आरपार दिसणारे, छताला टांगलेले त्यांचे लांबट आकार या एका टाक्यातून आले.

तुम्ही पाहिली असतील ती झाडासारखी शिल्पं मात्र विणलेली नाहीत, बांधलेली आहेत. 1962 साली स्नेह्यांनी त्यांना डेथ व्हॅलीच्या वाळवंटातलं एक वाळलेलं झुडूप आणून दिलं. असावा त्याचं चित्र काढायला बसल्या. फांद्यांचा गुंता कागदावर काही उतरेना. तेव्हा ते समजून घ्यायला त्यांनी तार हातात घेतली. तारांची जाड जुडी मधोमध बांधली, तिचे गट पाडले, त्या गटांचे आणखी लहान गट, असं करत टोकाला एकेरी तारांपर्यंत गेल्या. झुडूप दिसतं कसं, यापेक्षा ते वाढतं कसं हे त्यांनी हातानं करून पाहिलं.

तुमची झाडं खोटी वाटण्याचं कारण मला इथेच दिसतं. बहुतेक जण झाडाची बाह्यरेषा मनात धरतात. खाली दांडा, वर गोलसर पसारा. मग एक जाड तार उभी करून तिला बारीक तारांच्या फांद्या गुंडाळतात. खऱ्या झाडाला फांदी बाहेरून चिकटवलेली नसते. खोडातलाच एक हिस्सा वेगळा होऊन फांदी बनतो, आणि जेवढं वेगळं होतं तेवढं खोड पुढे बारीक होतं. लिओनार्डो दा विंचीनं आपल्या वहीत हे लिहून ठेवलं आहे: कुठल्याही उंचीवर सगळ्या फांद्या एकत्र बांधल्या तर त्यांची जाडी बुंध्याएवढी भरते. झाडागणिक थोडा फरक पडतो, पण ढोबळ मानानं हे बरोबर आहे. तारांच्या जुडीत हा नियम आपोआप पाळला जातो, कारण खाली 64 तारा असतील तर वरही सगळ्या फांद्या मिळून 64 च असतात. 20 गेजच्या (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक, आकडा वाढला की तार बारीक) 64 तारांची जुडी साधारण 8 मिलिमीटर जाड होते. त्यातल्या 32 वेगळ्या केल्या तर प्रत्येक फांदी अर्धी, म्हणजे 4 मिलिमीटरची होत नाही, साडेपाचच्या पुढे राहते. डोळ्याला हे प्रमाण ओळखीचं असतं. मोजून सांगता येत नाही, पण चुकलं की लगेच खटकतं.

दुसरं कारण पीळ. बाजारातल्या जवळजवळ प्रत्येक तारेच्या झाडाचा बुंधा दोरखंडासारखा पिळलेला असतो. पिळला की जुडी पटकन घट्ट होते, म्हणून तसं करतात. पण मग बुंध्यापासून टोकापर्यंत एकाच कोनाचा पीळ दिसत राहतो आणि झाडापेक्षा दोर जास्त दिसतो. मी सांगेन की पीळ पूर्ण सोडून द्या. तारा शेजारी शेजारी सरळ वाहू द्या आणि जुडी वेगळ्या बारीक तारेनं बांधा.

ही बांधणी नीट शिकण्यासारखी आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. 24 गेज तारेचा वीतभर तुकडा घ्या. त्याचं एक टोक जुडीच्या लांबीला समांतर ठेवून अंगठ्यानं दाबून धरा. आता त्या टोकाच्या वरूनच वेढे घ्यायला लागा, एकाला एक चिकटून, चार किंवा पाच. प्रत्येक वेढा घेतल्यावर तार ओढून ताणा, सैल वेढा नंतर कधीच घट्ट होत नाही. शेवटचं टोक नोज प्लायरनं, म्हणजे निमुळत्या तोंडाच्या पकडीनं, जुडीच्या दोन तारांमधल्या फटीत खुपसा, दुसऱ्या बाजूनं ओढून घ्या आणि अगदी सपाट कापा. बोट फिरवल्यावर कुठेही टोचता कामा नये. आता ही बांधणी नेमकी कुठे करायची? जिथून फांदी फुटते त्याच्या किंचित खाली. खऱ्या झाडात तिथे एक फुगवटा असतो. आंब्याच्या किंवा फणसाच्या फांदीच्या बेचक्यात बोटं फिरवून पाहा, लगेच कळेल. चार वेढ्यांची जाडी तिथे बरोबर तो फुगवटा देते. बांधणी मग लपवावी लागत नाही, ती झाडाचाच भाग होते.

सुरुवातीला कोणतं झाड घ्यावं, तर माझं मत चाफा. वड-पिंपळाच्या वाटेला आत्ता जाऊ नका. पारंब्यांचा मोह सगळ्यांना होतो, पण वडाची फांद्यांची रचना फार गुंतागुंतीची आहे. चाफा हिवाळ्यात पानं गाळून उघडा उभा राहतो आणि कोकणात देवळाच्या आवारात हमखास सापडतो. त्याची वाढही स्वच्छ वाचता येते. फुलांचा तुरा फांदीच्या अगदी टोकाला येतो, त्यामुळे ती फांदी तिथेच थांबते आणि तुऱ्याच्या खालून दोन-तीन नव्या फांद्या निघतात. त्या फुलल्या की पुन्हा तेच. म्हणून चाफ्याला सरळ वर गेलेला असा मुख्य दांडा नसतोच, बेचक्यावर बेचकं चढत जातं आणि वर छत्री होते.

तारेत हे असं करा. 20 गेजची बाइंडिंग वायर, 40 सेंटिमीटरचे 48 तुकडे. सगळी मिळून जेमतेम 100 ग्रॅम तार लागते, म्हणजे बिघडलं तरी खिशाला चटका नाही. खालचे 10 सेंटिमीटर मुळांसाठी सोडून पहिली बांधणी करा, मग बोटभर अंतरावर दुसरी. त्यावर 48 चे तीन भाग पाडा, पण सोळा-सोळा-सोळा असे नको. वीस, सोळा आणि बारा असे घ्या. वीसची फांदी जरा बाहेर झुकू द्या, कारण जिला जास्त ऊन मिळालं ती जाड झाली असणार. पुढे वीसचे आठ, सात, पाच. सगळीकडे असंच. समसमान वाटणी केली की झाड लगेच मेणबत्त्यांच्या स्टँडसारखं दिसू लागतं. चाफ्याची टोकं बोथट असतात, म्हणून चार-पाच तारा उरल्या की वाटणी थांबवा, शेवटची बांधणी करा आणि उरलेली टोकं वेगवेगळ्या लांबीवर कापून आत वळवा. बाभूळ करायची असेल तर याच्या उलट, एकेरी तारेपर्यंत वाटत जायचं.

खाली सोडलेल्या तारांचीही अशीच वाटणी करून मुळं पसरवा. लाकडी पाटावर भोक पाडून झाड उभं करायची पद्धत मला आवडत नाही. मुळं नीट पसरली तर झाड स्वतःच्या पायावर उभं राहतं. आपल्याकडचा काळा दगड मिळाला तर त्याच्या अंगावरून मुळं उतरवा. कातळावर वाढणारी झाडं तुम्ही रोज पाहता, तुम्हाला ते माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

वळण देताना शक्यतो पक्कड वापरू नका. गोलाई अंगठ्यानं द्यायची, पक्कड फक्त कोनासाठी. दातेरी पक्कड तारेवर चरे पाडते. सोनारकामाच्या सामानात बिनदातेरी पक्कड मिळते, ती घ्या. एकदा दिलेलं वळण सरळ करून पुन्हा वाकवलं की तिथे तार कडक होते आणि बारीक गाठ राहते, ती शेवटपर्यंत दिसते. तांब्याची तार कडक झाली तर तिला मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायची, ती पुन्हा मऊ होते. पुण्याच्या तांबट आळीत भांडं ठोकताना तांबं मध्येमध्ये तापवून घेतात ते याचसाठी. लोखंडी तारेला पाण्यात बुडवू नका, ती तापवल्यावर सावकाश थंड होऊ द्यायची. आणि जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, कधीही तापवायची नाही. तिच्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो.

वेटोळ्याची तार सरळ करायची असेल तर एक टोक शिकंज्यात, दुसरं ड्रिल मशीनच्या चकमध्ये धरून हलका ताण देत सावकाश फिरवा. तार एकदम सुतासारखी सरळ होते आणि थोडी ताठही होते. डोळ्यांना चष्मा लावूनच हे करा. तार कापतानाही दोन्ही टोकं हातात धरा, तुटलेला तुकडा कुठे उडेल याचा भरवसा नसतो.

आता रत्नागिरीच्या हवेचं. काळी बाइंडिंग वायर तुमच्याकडे एका पावसाळ्यात लाल होईल, हे गृहीत धरा. सरावासाठी तीच वापरा, स्वस्त आहे आणि हाताला मऊ आहे. घरात ठेवायचं काम असेल तर तार कोमट करून तिच्यावर मधमाशीचं मेण चोळा, मग सुती फडक्यानं पुसा. काळा रंग खुलतो आणि गंज बराच लांबतो. मेण दर पावसाळ्याआधी पुन्हा लावायला लागेल. जीआय तार जास्त टिकते, कारण जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कापलेल्या उघड्या टोकालाही त्याचा थोडाफार आडोसा मिळतो. मात्र तिची चकाकी मला झाडासाठी परकी वाटते. वर्षभर बाहेर ठेवली की ती राखाडी होते, मग बरी दिसते. अंगणात कायमचं ठेवायचं असेल तर 316 ग्रेडची स्टेनलेस तार मागा. दुकानदार 304 देईल आणि तेच आहे म्हणेल, पण समुद्राच्या खाऱ्या हवेत 316 जास्त टिकते, तिच्यात मॉलिब्डेनम हा गंज रोखणारा धातू असतो. शिवाय मऊ तार मागा, नाहीतर ती स्प्रिंगसारखी उसळते आणि बोटं सोलवटून निघतात.

मनासारखं झाड जमलं की मग तांब्याकडे या. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार किलोवर मिळते. 20 गेजची एक किलो म्हणजे साधारण 170 मीटर, 22 गेजची 280 च्या आसपास. तिच्यावर इनॅमलचा थर असतो. तो राहू दिला तर तांबं काळवंडत नाही, आणि गडद तपकिरी तार सालीसारखी छान दिसते. तो थर जाळून काढायच्या भानगडीत पडू नका, धूर वाईट असतो. आणि एक लक्षात ठेवा, तांब्याचं झाड लोखंडी तारेनं बांधायचं नाही. दमट हवेत दोन धातू चिकटून राहिले की लोखंड जास्त वेगानं खंगतं आणि बांधण्या एकेक करून सुटत जातात. तांब्याला तांब्यानंच बांधा. असावांनी काही शिल्पं महिनोन् महिने इलेक्ट्रोप्लेटिंगच्या टाकीत ठेवून तारेवर खरखरीत हिरवट थर चढवला होता. घरी तो उद्योग शक्य नाही, पण तुमच्या हवेत उघडी तांब्याची तार काही वर्षांत स्वतःच रंग बदलेल. तिला बदलू द्या.

चित्रकलेबद्दल तुम्ही विचारलंत. माणसाचा चेहरा हुबेहूब काढता येण्याची इथे काही गरज नाही. पण पाहण्याची सवय लागते, आणि ती पेन्सिलीनं लवकर लागते. अल्बर्स आपल्या विद्यार्थ्यांना वस्तूइतकीच तिच्या भोवतालची मोकळी जागा पाहायला लावत. तुम्ही चाफ्यासमोर बसून फांद्या काढूच नका, फांद्यांमधून दिसणाऱ्या आभाळाचे तुकडे काढा. एक त्रिकोणी, एक लांबट, एक जवळजवळ बंद झालेला. असं पानभर केलंत की तार वाकवताना डोळा आपोआप पोकळीकडे जातो. तारेच्या शिल्पात पोकळीच जास्त असते, तार फार थोडी.

पिंपळाचं पान पाण्यात कुजवून त्याची जाळी काढायचा खेळ शाळेत केला असेल, तो पुन्हा करा. त्या जाळीत एक गोष्ट बघा. मधल्या शिरेतून निघालेल्या आडव्या शिरा कडेपर्यंत जाऊन संपत नाहीत. कडेच्या थोडं अलीकडे त्या वर वळतात आणि पुढच्या शिरेला जाऊन मिळतात, म्हणून कडेनं कमानींची एक माळ तयार होते. तारेचं पिंपळपान करणारे बहुतेक जण आधी बदामाच्या आकाराची कड करतात आणि मग आत रेघा भरतात. तुम्ही शिरांपासून सुरुवात करा, कड सर्वांत शेवटी. त्या कमानी जमल्या की कड कुठे यायला हवी हे त्याच सांगतात.

पक्ष्यांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण झाड झालं की पक्षी करावासा वाटतोच, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. पक्ष्याचा जो गुडघा मागे वाकलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे ध्यानात ठेवून पाय केलात की पक्षी तोल सांभाळून उभा राहतो, एरवी तो काठ्यांवर ठेवल्यासारखा दिसतो. दुसरं बगळ्याच्या मानेचं. सगळे तिला सुळसुळीत वळण देतात. बगळ्याच्या मानेत एक मणका वेगळ्या घडणीचा असतो, सहावा, आणि तिथे मान गोल न वळता मोडल्यासारखी दुमडते. झडप घालायची ताकद त्या दुमडीतून येते. तुमच्याकडे खाडीवर बगळे आणि वंचक रोजचे आहेत, ते दबा धरून बसलेले असताना बघा. अलेक्झांडर काल्डर या अमेरिकी शिल्पकाराची 1920 च्या दशकातली तारेची माणसं आणि प्राणी यासाठी जरूर पाहा, एकाच तारेत तो नेमकी अशी दुमड पकडतो. 1955 साली तो अहमदाबादला साराभाईंकडे येऊन राहिला होता आणि तिथेही त्यानं शिल्पं केली. मात्र काल्डरची तार बाह्यरेषेची आहे आणि असावांची वाढीची. सध्या तुम्ही असावांच्याच वाटेनं जा, दोन्ही एकदम करायला गेलात तर हात गोंधळेल.

वेळेची काळजी करू नका. असावांना सहा मुलं होती आणि त्यांनी आयुष्यभर घरातच काम केलं, मुलं अवतीभवती असताना. तारेला भट्टी लागत नाही, ती वाळत नाही, मळलेल्या मातीसारखी ती तुमची वाट बघत खराब होत नाही. मात्र काम अर्धवट ठेवताना दोन गोष्टी पाळा. चालू असलेली बांधणी पूर्ण करूनच उठा, कारण अर्धे वेढे रात्रभरात सैल पडतात आणि दुसऱ्या दिवशी तो ताण पुन्हा सापडत नाही. आणि न वाटलेल्या तारांची सगळी मोकळी टोकं एकत्र करून त्यांवर जुन्या सुती कापडाची चिंधी गुंडाळून ठेवा. घरात लहान मूल असेल तर झाड उंच फळीवर, टोकं भिंतीकडे करून. येत्या थंडीत चाफा निष्पर्ण झाला की त्याचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. पालवी फुटली की फांद्यांची वाटणी वर्षभर नीट दिसणार नाही.